फट शून्य झाल्यावर

पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं की गाडीमालक पहिल्यांदा विचारतो, कुठल्या कंपनीचं टाकायचं? मग विचारतो, किती लागतील? आधीचं का गेलं, हे क्वचितच कुणी विचारतं. तोवर जुनं बेअरिंग काळ्या ग्रीससकट भंगाराच्या डब्यात पडलेलंही असतं. फोर-व्हील गाड्यांच्या पुढच्या हबचं काम करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. बेअरिंग किती टिकणार हे त्याच्या खोक्यावरच्या नावापेक्षा, बसवताना नट कुठे थांबवला यावर जास्त ठरतं. आणि तो कुठे थांबवायचा हे नुसत्या हाताच्या अंदाजावर सोडणं ही आपल्या गॅरेजांतली सर्रास चालणारी आणि फार महागात पडणारी सवय आहे. अनेक कसलेल्या मिस्त्र्यांना हे पटणार नाही. त्यांच्या हरकती मला ठाऊक आहेत, त्यातल्या काही खऱ्याही आहेत, म्हणूनच हे जरा सविस्तर लिहितो आहे.

हे हब साध्या गाडीच्या हबहून कशात वेगळं, ते आधी बघू. फक्त मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत पुढचं चाक भरीव स्टबवर फिरतं. टोकाला खाचांचा नट, नटातून आरपार कॉटर पिन, वर डबी, झालं काम. फोर-व्हीलमध्ये पुढच्या चाकालाही इंजिनचा जोर द्यायचा असतो, म्हणून इथे स्पिंडल पोकळ असतो आणि त्या पोकळीतून ॲक्सलचा दांडा बाहेर येऊन फ्लँजला किंवा लॉकिंग हबला दात धरतो. मधून दांडा फिरतो आहे म्हटल्यावर आरपार पिन घालणार कुठून? म्हणून दोन मोठे, पातळ नट आणि त्यांच्या मधोमध जीभ असलेला वॉशर. आतला नट बेअरिंग जुळवतो, बाहेरचा त्याला जागेवर धरून ठेवतो. विलीजच्या जीपमध्ये ही रचना होती, 1940च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्रांनी मुंबईत जुळवलेल्या जीपमध्ये तीच आली, आणि सॉलिड ॲक्सलच्या गाड्यांत ती पुढे कित्येक दशकं टिकली. त्या जीपच्या हबमध्ये आतलं आणि बाहेरचं बेअरिंग एकाच नंबरचं असतं, कोन (आतली कडी) 18590 आणि कप (बाहेरची कडी) 18520. जुन्या मिस्त्र्यांना हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. नटाचं माप मात्र दोन पूर्णांक एक-सोळांश इंच, म्हणजे सुमारे 52 मिलिमीटर. एवढा पाना नेहमीच्या पेटीत नसतो, आणि बरंचसं नुकसान या साध्या गोष्टीपासून सुरू होतं. त्याकडे पुढे येतो.

हे बेअरिंग निमुळत्या रोलरचं. अमेरिकेत हेन्री टिमकेननं 1898 साली त्याचं पेटंट घेतलं, ते घोडागाड्यांसाठी. वळणावर चाकाला वरून भार पडतो तसाच बाजूनंही रेटा बसतो, आणि निमुळता रोलर दोन्ही झेलतो. रोलरच्या, कोनाच्या आणि कपाच्या उतरत्या रेषा लांबवल्या तर त्या सगळ्या चाकाच्या आसावर एकाच बिंदूत मिळतात, म्हणून रोलर न घसरता नुसता लोळतो. घसरण होते ती एकाच जागी: रोलरचं जाड टोक कोनाच्या काठावर टेकतं तिथे. बेअरिंगची बरीचशी उष्णता तिथे तयार होते आणि ग्रीस पोचायला हवं तेही तिथेच. आता अशी दोन बेअरिंगं एका हबमध्ये एकमेकांसमोर तोंड करून बसवली, की नट आत सरकेल तसे दोन्ही कोन आपापल्या कपात घट्ट बसत जातात. म्हणजे हा नट चाक निसटू नये एवढ्यासाठीच नाही. दोन्ही बेअरिंगांमधली फट तोच ठरवतो. ही फट किती लहान असते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: ट्रकच्या चाकांना साधारणपणे 0.025 ते 0.127 मिलिमीटर एवढाच प्ले मान्य असतो. माणसाचा केस साधारण याच्या मधोमध कुठेतरी येतो. उलट नटाचे आटे दीड मिलिमीटरचे असतील, तर एक-षष्ठांश फेऱ्यात नट पाव मिलिमीटर सरकतो. हाताला किंचित वाटणारी हालचाल बेअरिंगच्या लेखी फार मोठी असते.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. गॅरेजातली पद्धत अशी: चाक उचलायचं, नट आवळायचा, टायर वर-खाली धरून हलवायचा, हलला तर आणखी आवळायचा, हलायचा थांबला की बस. ही परीक्षा एका बाजूनं उत्तम आहे. बेअरिंगमधली बारीकशी फट टायरच्या काठाशी कित्येक पटींनी मोठी होऊन जाणवते, त्यामुळे चाक सैल असेल तर अनुभवी हाताला ते लगेच कळतं. पण फट शून्य झाली की ही परीक्षा तिथेच संपते. त्यानंतर नट आणखी पाव फेरा आवळा की अर्धा, टायर हलवून बघणाऱ्या हाताला दोन्ही सारखेच लागतात, कारण हलायला आता काही उरलेलंच नाही. आणि बेअरिंगचं खरं नुकसान होतं ते याच आंधळ्या पट्ट्यात. बेअरिंगच्या आयुष्याचा आलेख काढला तर किंचित ताण असताना ते सर्वांत जास्त भरतं. तिथून सैल बाजूला गेलं की आयुष्य हळूहळू कमी होत जातं, पण घट्ट बाजूला गेलं की कडा कोसळल्यासारखं खाली येतं. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचं आयुष्य साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं, हा अभियांत्रिकीतला प्रस्थापित हिशोब आहे. नट जास्त आवळणं म्हणजे गाडीत माणूस बसण्याआधीच बेअरिंगवर भार चढवणं, आणि तो भार गाडी रिकामी असतानाही उतरत नाही. शिवाय धातू तापला की फुगतो आणि उरलीसुरली मोकळीकही खातो, मग आणखी तापतो. म्हणून 'थोडा टाइट असलेला बरा' हे गॅरेजातलं वाक्य मला धोक्याचं वाटतं. माप घ्यायला काहीच हाताशी नसेल तर थोडा सैल बरा.

इथे पहिली हरकत येते, आणि ती मानाची आहे. तीस वर्षं हेच काम केलेल्या उस्तादाच्या हाताला काटे-गेज कशाला? ज्या हातांनी रस्त्याच्या कडेला, पावसात, एका टॉमी-पान्यावर हब जुळवून गाड्या घरी पोचवल्या, त्या हातांबद्दल मला आदर आहे. पण त्या हाताला अडचण कौशल्याची नाहीच, अडचण आहे ती हाताला जाणवतं काय याची. हलवून कळेनासं झालं की उरतं ते फिरवून बघणं, आणि फिरवताना हाताला बेअरिंगचा विरोध एकटा लागत नाही. नवं सील कोरडं असेल तर जास्त धरतं, ताजं ग्रीस थंडीत जड असतं, ब्रेकचं पॅड हलकं घासत असतं. या सगळ्याची बेरीज हाताला लागते आणि त्यातलं बेअरिंगचं किती, हे कुणाचाच हात वेगळं काढू शकत नाही. गाड्या बनवणाऱ्यांनाही हे माहीत होतं. विलीजच्या पुस्तकात नट चाक अडकेपर्यंत आवळून मग सुमारे एक-षष्ठांश फेरा मागे घ्यायला सांगितलं आहे. टोयोटाच्या 70 मालिकेतल्या लँड क्रूझरमध्ये चाकाच्या स्टडला ताणकाटा अडकवून हब फिरायला लागताना काटा सुमारे 2.8 ते 5.6 किलोच्या दरम्यान दाखवायला हवा. एक गाडी थोडी मोकळीक मागते, दुसरी थोडा ताण, पण दोघींनीही 'हाताला बरं वाटेल तेवढं' असं कुठे म्हटलेलं नाही.

हा ताणकाटा म्हणजे काही दुर्मीळ यंत्र नाही. रद्दीवाला गठ्ठा टांगून तोलतो तो हूकवाला स्प्रिंगचा काटा घ्या, छोट्या मापाचा, आकडे नीट वाचता येतील असा. ब्रेकचं पॅड मोकळं करायचं, फ्लँज काढलेलाच असतो. आधी नट सैल ठेवून काटा स्टडला अडकवायचा आणि आडवा, हबच्या वर्तुळाला स्पर्शरेषेत ओढायचा. जो आकडा येईल तो नुसत्या सीलचा. मग नट थोडा थोडा आवळत, प्रत्येक वेळी हब दोन्ही बाजूंना आठ-दहा फेरे फिरवत जायचं. हे फिरवणं लोक टाळतात आणि तिथेच फसतात: न फिरवता आवळलं तर रोलर तिरके राहतात, काठावर टेकत नाहीत, आणि फट संपल्याचा भास होतो. पहिल्या दहा-वीस किलोमीटरमध्ये ते आपल्या जागी बसतात आणि चाक पुन्हा हलू लागतं. आवळता आवळता काट्याचा आकडा सीलच्या आकड्यापेक्षा जिथे चढायला लागतो, तिथे फट शून्य. तिथून पुढे पुस्तक काय सांगतं ते: जीप असेल तर चाक अडकेपर्यंत आवळून मागे घ्या, लँड क्रूझर असेल तर ठरलेल्या आकड्यापर्यंत जा. आणि आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. बाहेरचा नट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांमधल्या मोकळिकीएवढं आत रेटतो. म्हणजे जुळवलेलं माप कुलूप लावताना बदलतं. म्हणून शेवटचं माप बाहेरचा नट पूर्ण आवळल्यावरच घ्यायचं, आणि ते चुकलं तर सगळं सोडवून पुन्हा करायचं. कंटाळवाणं आहे खरं. पण या कामात हीच पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता छिन्नीबद्दल. 52 मिलिमीटरचा पातळ बॉक्स पाना नाही म्हणून नटाच्या कोपऱ्यावर छिन्नी टेकवून हातोड्यानं फिरवायचं, हे दृश्य कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसेल. अशा नटाच्या सहाही कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या असतात, काठाला चांदीसारखे पापुद्रे लोंबत असतात. त्यातला एक पापुद्रा तुटून ग्रीसमध्ये पडला की तो थेट बेअरिंगच्या तोंडाशी. शिवाय छिन्नीचा एक ठोका नटाला किती फिरवेल हे ठोकणाऱ्याच्या हातात उरत नाही. जिथे केसाएवढं माप राखायचं तिथे हातोडा चालवतो आपण. पाना विकत मिळतो, नाहीतर चांगल्या वेल्डरकडून जाड पाइपाला षट्कोन कापून बनवून घेता येतो. मला विचाराल तर ज्याच्याकडे हा पाना नाही त्यानं हे हब उघडूच नये.

कुणी म्हणेल, आमच्याकडे बेअरिंगं पाण्यानं मरतात, नट कसाही आवळा. हे खरं आहे, आणि माझ्या मताला छेद देणारा हाच सर्वांत बळकट पुरावा आहे, म्हणून तो टाळत नाही. गोव्यात कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा बघा. पावसाळ्यात ही वाट बंद असते. पावसानंतर सुरू झाली की जंगलातून, नदीच्या प्रवाहांतून, कधी चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून या गाड्या दिवसभर ये-जा करतात. चढ-उताराच्या वाटेवर ब्रेक आणि बेअरिंग मिळून हब तापवतात, आणि तापलेलं हब एकदम गार पाण्यात उतरतं. आतली हवा 75 अंशांवरून 25 अंशांवर आली तर तिचा दाब साधारण सातव्या हिश्शानं उतरतो. बाहेरून पाणी रेटतं आहे, आतून ओढ लागली आहे, आणि मध्ये उभं आहे ते रबराच्या सीलचं एक ओठ. पाणी आत येतं. पण येतं किती? स्पिंडलवर सीलनं कोरलेली चर असेल तर भरपूर. आणि चाक सैल असेल, किंवा आवळून तापवलेलं असेल, तरीही भरपूर: सैल चाक प्रत्येक खड्ड्यात सीलचा ओठ एका बाजूला दाबून दुसऱ्या बाजूला उघडतं, आणि जास्त आवळलेलं हब जास्त तापतं म्हणून जास्त ओढतं. थोडक्यात, पाणी मारतं हे कबूल, पण दार उघडून देण्यात नटाचा वाटा असतोच. अशा वाटेवरच्या गाडीला हब उघडण्यासाठी पुस्तकातले चाळीस-पन्नास हजार किलोमीटर लावू नयेत. हंगाम संपला की हब उघडावंच, आणि खोल पाण्यात गाडी उभी राहिली असेल तर त्याच आठवड्यात. डिफरन्शियलचा ब्रीदरही बघावा. तो चिखलानं बुजला तर तापलेलं गिअर ऑइल दांड्याच्या कडेनं पोकळ स्पिंडलमधून हबपर्यंत येतं आणि ग्रीस पातळ करून टाकतं. फोर-व्हीलमध्येच हा ताप असतो. साध्या गाडीच्या भरीव स्टबला तो नाही.

ग्रीसबद्दल थोडक्यात. गॅरेजात 'एपी थ्री' म्हणून मिळतं ते लिथियम ग्रीस साध्या वापराला ठीक. डिस्क ब्रेक आणि घाटाचे रस्ते असतील तर लिथियम कॉम्प्लेक्स घ्यावं, ते जास्त उष्णता सोसतं. चॅसीला मारायचं जुनं कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला चांगलं पण सुमारे शंभर अंशांतच वितळायला लागतं, ते इथे नको. वेगवेगळ्या जातीचं ग्रीस एकमेकांत मिसळू नये, जुनं पूर्ण धुऊन काढावं. आणि धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग भिंगरीसारखं फिरवण्याचा खेळ पोरांना करू देऊ नये, कोरडे रोलर क्षणात चरे पाडून घेतात. ग्रीस भरायचं ते डाव्या तळहातावर गोळा घेऊन, बेअरिंगची जाड बाजू त्यात पुन्हा पुन्हा दाबत, रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूनं ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढची जागा. वरून बोटानं लिंपलेलं ग्रीस त्या जाड टोकाच्या काठापर्यंत कधीच पोचत नाही. उलट हबची सगळी पोकळी ठासून भरली तर ते घुसळून तापतं आणि सील ढकलतं. पोकळी अर्ध्याहून कमीच भरावी.

माझ्या म्हणण्याचा खरा साक्षीदार ते भंगारात टाकलेलं बेअरिंग आहे. ते स्वच्छ धुवा, कप उन्हात तिरका धरा आणि बोटाचं नख फिरवा. कोनाचा काठ आणि रोलरची जाड टोकं पिवळट-निळी पडली असतील, टोकांना घासल्याचे गोल चरे असतील, तर ते तापून मेलं: नट जास्त आवळला होता किंवा ग्रीस पोचलं नव्हतं. निळी झाक यायला पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापावं लागतं, ते उगाच होत नाही. रोलरांच्या अंतरावर काळपट आडव्या रेघा असतील तर पाणी आत राहून गाडी उभी होती. त्याच अंतरावर खळगे असतील तर धक्का: मोठा खड्डा, नाहीतर बसवताना ठोकलेला कप. कपाची बाहेरची बाजू आरशासारखी चकचकीत असेल तर कप हबमध्ये फिरत होता, आणि नवं बेअरिंग कितीही भारी आणा, त्या हबमध्ये ते टिकणार नाही. आणि या कशाचीच खूण नसताना वाटेवरचा धातू खवल्यांनी सुटला असेल, तर ते बेअरिंग आपलं आयुष्य पुरेपूर जगून गेलं. एका किलोमीटरला चाकाचे चारशेहून जास्त फेरे होतात, पन्नास हजार किलोमीटरला दोन कोटींच्या वर. अशी पिकून गळालेली बेअरिंगं माझ्या हाताखाली फार थोडी येतात. तापलेली आणि भिजलेली जास्त येतात.

आणखी एक हरकत उरते आणि तिच्याशी मी अर्धा सहमत आहे: चालतं आहे ते उघडू नये. धुळीच्या अंगणात, वारा सुटलेला असताना, वर्तमानपत्रावर बेअरिंग ठेवून केलेली सर्व्हिस न केलेलीच बरी. वाळूचा एक कण रोलरखाली गेला की सगळा हिशोब बिघडतो. जागा स्वच्छ नसेल, नवं सील हातात नसेल, तर थांबावं. पण 'उघडू नये' आणि 'बघू नये' यात फरक आहे. चाक उचलून गाडी घोडीवर घ्यावी, हातानं फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा, खरखर असेल तर पोलादातून तळव्याला कळते. टायर वर-खाली हलवताना दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावं: ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनकडचा. रस्त्यावर उजवीकडून येणारी घरघर डावीकडे वळताना वाढत असेल तर भार आलेल्या उजव्या चाकाकडे संशय धरावा. एवढं बघायला अर्धा तासही लागत नाही. उघडायचंच ठरलं तर मात्र पैसे वाचवायला नुसता कोन बदलून जुना कप ठेवू नये. कोन-कप जोडीनंच बदलावेत, कप बसवताना जुना कप किंचित घासून त्याचाच ठोकणा करावा, आणि ठोक्याचा पोकळ आवाज भरीव होईपर्यंत थांबू नये. आता अनेक नव्या गाड्यांत सीलबंद हब येतं, त्यात जुळवायला नट नाही. त्यांचा ॲक्सल नट ठरलेल्या टॉर्कला आवळला की झालं. ती फट कारखान्यात मोजूनच ठरवलेली असते, मिस्त्र्याच्या अंदाजावर तिथेही कुणी ती सोडलेली नाही.

बसवून झाल्यावर गाडी वीसेक किलोमीटर चालवून आणावी, शेवटचा टप्पा ब्रेक फारसा न लावता. मग दोन्ही पुढच्या हबना तळहात लावावा. दोन्ही सारखीच कोमट लागली तर ठीक, एक चटका देत असेल तर ते त्याच दिवशी सोडवून काटा पुन्हा लावावा. सीलचा आकडा, शेवटचा आकडा आणि मीटरवरचे किलोमीटर ऑइल पेंटनं डबीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी डबी उघडणारा मिस्त्री दुसरा असेल, आणि हे हब मागच्या खेपेला कुठे थांबवलं होतं ते त्याला तिथे वाचता येईल.